हुंदका मागाहून येतो

कोऱ्या डिस्कवर तिरका उजेड पडला की सात रंगांचा एक अरुंद पंखा उघडतो. डिस्क जराशी फिरवली की पंखाही सरकतो. सरोजिनी नगरच्या त्या दुकानात क्षिप्रा पारदर्शक पाकीट उजेडाकडे धरून हेच पाहत होती. दुकानातलं ते शेवटचं पाकीट.

"भैया, ये दे दीजिए."

"जी, ये मैंने बोल रखा था," शेजारी उभा असलेला चष्मेवाला तरुण म्हणाला.

दुकानदाराला हसू आवरेना. "महीनों से कोई पूछता नहीं, और आज दो-दो ग्राहक!"

"आता काय करायचं..." तरुण स्वतःशीच पुटपुटला.

क्षिप्राने चमकून वळून पाहिलं. "वाटून घ्यायचं," ती शांतपणे म्हणाली. "मराठी आहात, तर सांगायचं ना! उगाच हिंदीत भांडलो."

तो साकेत. फरीदाबादला सॉफ्टवेअरमध्ये होता आणि घरमालकांच्या लग्नाची जुनी कॅसेट त्यांना डिस्कवर उतरवून देत होता. क्षिप्राची प्रयोगशाळाही फरीदाबादलाच. पण ती राहायची लक्ष्मीबाई नगरात, बाबांच्या सरकारी क्वार्टरमध्ये. मराठी मंडळाच्या नाटकात आईने यंदा मुख्य भूमिका केली होती. मोबाइलवर घेतलेलं ते नाटक आईला घरच्या जुन्या डीव्हीडी प्लेअरवरच बघायचं होतं.

"फाइल डिस्कवर टाकली, पण प्लेअर काही दाखवतच नाही," क्षिप्रा म्हणाली.

"नुसती टाकून चालत नाही. त्या प्लेअरला नवी फाइल वाचता येत नाही, आधी त्याला समजेल अशी करून घ्यावी लागते." तो घुटमळला. "रविवारी... येऊ का?"

रविवारी तो आला तेव्हा बाहेर धुकं होतं. उबदार खोलीत पाऊल टाकताच त्याचा चष्मा पांढरा झाला आणि त्याने चक्क कपड्यांच्या कपाटाला नमस्कार केला.

"मी इकडे आहे हो!" लताकाकू, म्हणजे क्षिप्राची आई, म्हणाली.

लॅपटॉपवर हिरवी पट्टी मुंगीच्या चालीने सरकत राहिली. नाटक तीन अंकी. तोवर चहा झाला, तिळाचं गजक झालं, बाल्कनीतल्या उन्हात गप्पा झाल्या. डिस्क लावली, तर सगळे बुटके आणि रुंद!

"अगं बाई, मी एवढी जाडी दिसते?" आई किंचाळली.

"काकू, तुम्ही नाही. माझं सेटिंग जाडं आहे."

पुढच्या रविवारी माणसं सडपातळ झाली, पण आवाज मागे पडू लागला. पहिल्या अंकात ते कळतही नव्हतं. तिसऱ्या अंकात मात्र पडद्यावरची आई आधी डोळ्यांना पदर लावायची आणि हुंदका मागाहून यायचा.

क्षिप्राच्या लगेच लक्षात आलं. अंतर एकसारखं वाढत जातंय, म्हणजे चित्राचा वेग बदललाय आणि आवाजाचा तोच राहिलाय. एक आकडा बदलला की काम झालं. ती तोंड उघडणार होती. पण साकेत चष्मा पुसत म्हणाला, "प्लेअर जुना आहे, त्याचंच काहीतरी असेल... पुढच्या रविवारी बघू?"

"बघू," क्षिप्रा म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच तिने चुकीचा निष्कर्ष मान्य केला.

एकीकडे घरात खोकी भरली जात होती. बाबा निवृत्त झाले होते, क्वार्टर सोडायचं होतं, पुण्यात फ्लॅट तयार होता. तिथल्या प्रयोगशाळेतही क्षिप्रासाठी जागा होती. आईने ती येणार हे गृहीतच धरलं होतं. दिवाळीपासून क्षिप्रा एकच वाक्य म्हणत होती, "विचार करून सांगते."

रविवार येत गेले, हुंदका मागाहूनच येत राहिला. 'अहो-जाहो' कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

ट्रक यायच्या आदल्या रविवारी साकेत बाल्कनीत हळूच म्हणाला, "आवाज का मागे पडतो, तुला पहिल्याच दिवशी कळलं होतं ना?"

"हो. आणि तुला?"

"मला... डिस्क बनवतानाच."

"लबाड!"

"आणि तू? वैज्ञानिक असून गप्प बसलीस!"

दोघंही हसली. मग त्याचं हसू विरलं. "आज नीट करून आणलीये. काकूंना पुण्याला चुकीची डिस्क कशी देऊ? पण आता मला यायला... कारणच उरलं नाही." तिच्याकडे न बघता त्याने विचारलं, "तू जाणार ना?"

क्षिप्रा खोलीकडे वळली. आत डिस्क सुरू झाली होती. तिसऱ्या अंकात आईच्या डोळ्यांना पदर लागला आणि त्याच क्षणी हुंदका ऐकू आला. सोफ्यावर बसलेली आईही पुन्हा रडली, मग हसली.

"शाब्बास रे साकेत! चला, आता प्लेअर बांधू. क्षिप्रा, तुझी पुस्तकं कुठल्या खोक्यात भरू?"

साकेतने बॅग खांद्याला लावली. "येतो, काकू."

"थांब," क्षिप्रा म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त कान तापले होते. "आई, माझी पुस्तकं भरू नकोस. मी पुण्याला येत नाहीये. मी इथेच राहणार."

आईने विचारलं, "प्रयोगशाळेसाठी?"

"थोडंसं प्रयोगशाळेसाठी," क्षिप्रा म्हणाली आणि दारात थबकलेल्या माणसाकडे तिने पहिल्यांदाच सरळ पाहिलं. "बाकी सगळं साकेतसाठी."