गुडघ्याचं बारसं

नागापूर एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत आमचं दोन खोल्यांचं घर. माझा नवरा प्रशांत वर्कशॉपला गेला की घरात मी, माझी मुलगी आणि सासूबाईंचा गुडघा. सासूबाईही असतात अर्थात, पण येणारेजाणारे आधी गुडघ्याची चौकशी करतात.

ऊसतोडीला असताना मोळी घेऊन ट्रकच्या फळीवरून त्या घसरल्या आणि उजव्या गुडघ्यातल्या कूर्चेला खड्डा पडला. हाडांच्या टोकांवरची ती गुळगुळीत गादी सहसा पुन्हा भरून येत नाही. पुण्याच्या एका हॉस्पिटलात नव्या उपचाराची चाचणी चालू होती. त्यांच्याच कूर्चेतल्या पेशी काढायच्या, वाढवायच्या, जेलमध्ये कालवायच्या आणि प्रिंटरनं थरावर थर देत खड्ड्याच्या मापाची जाळी छापून आत बसवायची. पुढं जाळी विरघळते, कूर्चा राहते. मी एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी, हे सगळ्यांना मीच समजावलं. सासूबाई म्हणाल्या, "म्हंजी कुरडया पाडत्यात तसं."

मला आई नाही, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. बारशाला सासूबाई पायाला पट्टा बांधून पाळण्याशेजारी खुर्चीत बसल्या होत्या. माझी नणंद वृषाली, म्हणजे बाळाची आत्या, शेवगावहून आली होती. तिनं बाळाच्या कानात कुर्र करून 'रोहिणी' सांगितलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. मग एक शेजारीण म्हणाली, "ह्यो गुडघाबी नवाच हाय की. त्याला का बिननावाचा ठिवता?" वृषाली लगेच वाकली, पट्ट्याला तोंड लावलं आणि कुर्र करून म्हणाली, "रोहिणी." हसताना एकीच्या घुगऱ्या सांडल्या. मीही खूप हसले.

पुढं पट्टा निघाला. मी बाळाला 'रोहिणी' अशी हाक मारली की बाळ पंख्याकडं बघायचं आणि सासूबाईंचं उजवं पाऊल माझ्याकडं वळायचं. डॉक्टर म्हणाले, हालचाल उत्तम आहे.

मग त्या उठून येऊ लागल्या. हातात लाटणं, तोंडावर पीठ.

"काय पाहिजे होतं, आई?"

"मला काय न्हाई. ह्या गुडघ्यानं आणली."

एकदा भाजीबाजारात कुण्या बाईनं तिच्या स्वतःच्या रोहिणीला हाक मारली. सासूबाई कोथिंबिरीची जुडी घेऊन त्या परक्या बाईमागं थेट बसस्टॉपपर्यंत गेल्या. कोथिंबीरवाला मागं, त्याच्यामागं कडेवर मुलगी घेऊन मी.

गल्लीला करमणूक झाली. मला झोप येईना, कारण माझी मुलगी उभी राहत नव्हती. तिच्या वयाची पोरं गटारापर्यंत पळत होती. रांगणंसुद्धा नाही. उभं केलं की पाय ओल्या टॉवेलसारखे दुमडायचे. सगळ्या तपासण्या नॉर्मल आल्या.

म्हणून मी प्रयोग केला. "बबडे" म्हटलं, तिनं दोन्ही पाय झाडले. "रोहिणी" म्हटलं, तिचे पाय जागच्या जागी थांबले. शेजारच्या खोलीत सासूबाई म्हणाल्या, "आले बया, आले."

पुन्हा केला. पुन्हा तेच.

मी वृषालीला बोलावून घेतलं. मुलीचं नाव बदलायचं तर आधार केंद्राच्या चकरा आल्या. गुडघ्याचं आधार कार्ड नव्हतं. त्यामुळं गुडघ्याचंच बदलायचं ठरलं.

"शिकलेली न् तू," सासूबाई म्हणाल्या. पण पाळणा त्यांनीच पुसला आणि पाय आत ठेवला. वृषालीनं काहीतरी कुजबुजत कुर्र केलं. धपाटे मीच घातले, जरा जोरातच.

तेवढ्यात पाळणा हलला. पलीकडं रोहिणी पाळण्याचा पाय धरून उभी होती.

मी रडले. प्रशांतनं गल्लीभर पेढे वाटले. पेढा चघळत वृषाली निघाली, तेव्हा मला विचारायचं सुचलं.

"नाव कुठलं ठेवलं गं?"

"ऐनवेळी नवं कुठून आणू? घरातच एक पडून होतं. तुमचं म्हायेरचं. लग्नात दादानं तांदळात अश्विनी लिहिलं, तवापासून राजेश्वरी कोन म्हनतंय तुमाला?"

बरोबरच होतं. मला हसू आलं.

रविवारी दुपारी मी फरशीवर मांडी घालून मेथी निवडत होते. रोहिणी खोलीभर पळत होती. सासूबाई आत पडल्या होत्या.

फाटकाची कडी वाजली. माझे वडील आले होते, पाथर्डीहून. अण्णा फाटकातूनच हाक मारतात, लहानपणापासून.

"राजेश्वरी."

आतली खाट करकरली.

सासूबाई माझ्या बाजूनं गेल्या. डोळे अर्धवट मिटलेले, पदर जमिनीवर. उजवं पाऊल पुढं, घाईघाईनं.

"राजेश्वरी, ये की गं."

मी मेथी बाजूला ठेवली. दोन्ही तळहात फरशीवर टेकवले आणि जोर दिला.

मांडी सुटली नाही.