ओढीचं वजन

"घरी कोण वाट पाहतंय?" उड्डाणाआधी विमानानं आईला विचारलं.

वेंगुर्ल्याच्या छोट्या धावपट्टीपाशी बाबांबरोबर उभ्या असलेल्या मिहिकानं हा प्रश्न फोनवर ऐकला. वारा, ढग, बॅटरी यांची चौकशी ठीक. पण आईची वाट कोण पाहतंय, याच्याशी विमानाला काय करायचंय?

आई बेळगावला होती. दूरदूरच्या गावांना औषधं पोचवत ती तीन आठवडे घरी आली नव्हती. आता मधे फक्त आंबोलीचा डोंगर होता, आणि डोंगरावर धुकं.

"माझी मुलगी," आई म्हणाली.

"मग आज उडू नये," सारथी म्हणाला. सारथी हा आईच्या विमानातला सहवैमानिक (विमान चालवायला मदत करणारा) रोबो; विमानाचा आवाज त्याचाच.

"मी वाट पाहते म्हणून?" मिहिकानं विचारलं.

"हो. मी जोखीम (अपघाताची शक्यता आणि त्यातलं नुकसान यांचा मिळून अंदाज) मोजतो. आजचं धुकं उडावं की नाही, अशा काठावरचं आहे. घरची ओढ लागलेल्या माणसाला ते विरळ दिसतं. घर जवळ आलं, की परत फिरणं आणखी जड जातं. म्हणून ओढ असेल तेव्हा माझी मर्यादा (जिच्यापुढे उडायचं नाही ती रेषा) मी अलीकडे आणतो."

"मग गाडीनं ये ना, आई. जमिनीवरून कुठे पडणारेस?"

"दरीत," सारथी म्हणाला.

बाबा हसू दाबत दुसरीकडे पाहू लागले.

"गाडी आपल्या हातात असते, म्हणून निर्धास्त वाटतं," आई म्हणाली. "पण घाटात धुकं तेच, आणि मी दमलेय. एक डुलकी पुरते. हे बघ सोन्या, उशीर झाला तर तू रुसशील, मी रडेन. ते नुकसान उद्या भरून काढता येतं. दुसरं येत नाही."

मिहिकानं फोन तोंडाजवळ धरला.

"सारथी, मी मुळीच वाट पाहत नाहीये. आता येऊ दे तिला."

"हे मी हिशेबात धरणार नाही," सारथी म्हणाला.

आई हसली, पण नीट नाही. "सकाळी निघते."

"धुकं नसलं तरच," मिहिका म्हणाली. हे म्हणताना तिनं बाबांचा हात घट्ट धरला होता. "आणि मोठी झाले, की मी धुक्याच्या पलीकडचं बघणारा डोळा बनवीन."

"बनव," आई म्हणाली. "तोवर मी थांबत जाईन."