मुदत शून्य

छावणीत एका बेकरीच्या वर आमचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. खालून दिवसभर खारीचा वास येतो. मंगळवारी सकाळी मी तिथं एका प्रसूतिगृहाची वेबसाइट दुरुस्त करत होतो. माझी बायको प्रेरणा त्याच प्रसूतिगृहात आदल्या दिवसापासून दाखल होती. नऊ वर्षं वाट पाहिलेलं बाळ. अकरापर्यंत येतोच, असा शब्द मी तिला दिला होता.

बिघाड साधा होता. गर्दी वाटून घ्यायला त्या वेबसाइटमागं दोन सर्व्हर आहेत. माणूस पहिल्यावर नाव भरायचा, पुढच्या पानाला दुसऱ्यावर जायचा, आणि दुसरा विचारायचा, आपण कोण? एकाला दुसऱ्याचा पत्ताच नसतो. उपायही सोपा. जो ज्या सर्व्हरवर आला, त्याला तिथंच बांधून ठेवायचं. मी तसा नियम लावला आणि किती वेळ बांधायचं, त्या मुदतीच्या रकान्यात घाईघाईत शून्य टाकलं. मी ताकही फुंकून पिणारा माणूस, म्हणून चाचणीसाठी भेटायला येणाऱ्या नातेवाइकाच्या पासचा अर्ज स्वतःच्याच नावानं दोनदा भरला. संगणकावरून भरला तो पहिल्या सर्व्हरवर गेला, मोबाइलवरून भरला तो दुसऱ्यावर. दोन्हीकडं एकेक हिमांशू. झकास चाललं.

साडेदहाला सासूबाईंचा फोन आला.

"हिमांशूराव, प्रेरणाला आत नेतायत. सारखी तुम्हालाच विचारतेय. निघा बरं लगेच."

खाली कडूबाची रिक्षा उभी होती. ओळखीचा माणूस. पंधरा मिनिटांचा रस्ता. बाळाचं नाव काय ठेवायचं, याचा विचार करत मी डोळे मिटून बसलो. रिक्षा थांबली, मी उतरलो, आणि खारीचा वास आला.

"अरे कडूबा, परत इथंच?"

"तुमीच म्हनले ना साहेब, इथं उतरवा म्हनून."

मी असं काही म्हणालो नव्हतो. चिडलो. सासूबाईंना कळवायला खिशात हात घातला, तर मोबाइल नव्हता. वर राहिला असेल म्हटलं, आणि कोपऱ्यावर जाऊन दुसरी रिक्षा धरली. या वेळी डोळे रस्त्यावरच ठेवले. छावणीचा बाजार मागं पडला, वळण आलं, वळणापलीकडं बेकरी होती. रिक्षावाल्यानं मान वळवली. कडूबाच होता. तोंड उतरलेलं.

"साहेब, मी तं शहागंजचं भाडं घेऊन गेल्तो. इथं कसा आलो मी?"

मग पायी निघालो. तीनदा. शेवटी तर पळतच. तिसऱ्यांदा परत आलो, तेव्हा बेकरीवाल्यानं वर बघितलंही नाही.

जिना चढून मी मुदतीचा रकाना उघडला. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, शून्य म्हणजे कायम. मी तिथं तीस मिनिटं केली. पण आधी बांधल्या गेलेल्यांना नवा नियम लागत नाही, हे मला वाचायची गरज नव्हती. पहिला सर्व्हर बंद केला, की त्याच्यावरचे सगळे, म्हणजे मीही, पुसले जातात, हेही मला माहीत होतं. बटणाकडं नेलेलं बोट मी मागं घेतलं.

मोबाइल टेबलावरही नव्हता.

ऑफिसच्या फोनवरून सासूबाईंचा नंबर लावला.

"आई, मी हिमांशू. मला येताच येत नाहीये."



"कोण बोलतंय? हिमांशूराव इथंच आहेत. अकरापासून. मुलगी त्यांच्याच मांडीवर आहे."

मुलगी.

फोन दुसऱ्या कुणीतरी घेतला.

"कोण?"

आवाज माझा होता. दमलेला, आनंदी.

मी माझं नाव सांगितलं.

"राँग नंबर," तो म्हणाला, बाळ जागं होऊ नये म्हणून अगदी हलक्या आवाजात.