नववा कारकून

ही गोष्ट खरी आहे. भूत रात्रीच येतं, असा समज असेल तर सोडा. हे भूत सोमवारी दुपारी अडीचला, ऑफिसच्या वेळेत आलं.

नोव्हेंबर १९९९. इंदापूर तालुक्यातला एक साखर कारखाना, नाव विचारू नका. माझा मामेभाऊ ऋषिराज तिथं कॉम्प्युटरवाला म्हणून लागला होता.

त्याच्या आधी, कुणाच्या उसाला तोड कधी, हे खिडकीतले कारकून गेणबातात्या सांगायचे. नाव ऐकलं की तात्या चष्मा काढायचे, धोतराच्या सोग्यानं सावकाश पुसायचे, मग तारीख सांगायचे.

ऋषिराजनं त्या जागी दहा कॉम्प्युटर मांडले. सगळ्यांना मिळून एक सर्व्हर. पानावर नाव टाका, तारीख घ्या.

तात्यांना गेटवर स्टूल मिळालं. दिवाळीत ते वारले.

पण लोकांचा मशीनवर विश्वास बसेना.

"लगीच सांगतंय व्हय? इचार तरी केला का त्येनं?" रांगेतले एक शेतकरी, दत्तोबा म्हणाले.

मग ऋषिराजनं अक्कल पाजळली. सर्व्हरच्या पोटात आठ थ्रेड होते. आठ कारकूनच समजा. एका वेळी एकानं एकाचंच काम घ्यायचं. त्यानं प्रत्येकाला हुकूम सोडला: उत्तर द्यायच्या आधी अर्धं मिनिट झोप काढ.

"आत्ता कसं! इचार करतंय बघा," दत्तोबा खूश.

चष्मा पुसता पुसता तात्या मागच्या माणसाला हाक द्यायचे, "हं, पुढचा बोला." ऋषिराजनं पुसणं तेवढं उचललं. हाक राहिली.

त्या सोमवारी संचालक बघायला आले आणि हॉल भरला. दहाही मशीनवर नावं पडली.

आठ कारकून झोपले.

उरलेले दोन पडदे... कोरे.

लोक चिडून पुन्हा पुन्हा बटण दाबू लागले. दर दाबण्याला नवं काम. जागा झालेला कारकून तेच नाव घेऊन परत आडवा! सर्व्हर तसा अगदी निवांत, आणि माणसं ताटकळलेली.

नवव्या मशीनपुढं पळसदेवच्या चंद्राबाई होत्या. त्यांच्या उसाला तुरा आलेला. या आठवड्यात तोड मिळाली नाही तर उसाचं चिपाड.

"आरं बाबा, मेलं का काय ह्ये?"

"विचार करतंय, मावशी."

खोटं बोलताना ऋषिराजचे कान तापले.

आणि एकदम हॉल गप्प झाला.

आवाज येत होता... काचेवर कापड घासल्यासारखा.

चुईं... चुईं...

नवव्या पडद्यावर अक्षरं उमटली: 'चंद्रे, गुरुवारी तोड. आधी बांधावरचं मोहोळ काढून घे.'

चंद्राबाईंचा हात तोंडावर गेला. "मोहळाचं म्या फकस्त तात्यांस्नी सांगितलं हुतं..."

मग दहावा पडदा. मग पहिला. अकरा मिनिटांत हॉल रिकामा.

ऋषिराजनं सर्व्हरमधल्या कारकुनांची यादी उघडली. एक ते आठ: झोपलेले.

खाली... नववा.

तो त्यानं बनवलाच नव्हता. त्याच्यापुढं लिहिलं होतं, 'जागा'.

तेवढ्यात संचालक शाल घेऊन आले. "कुणाची रं ही करामत?"

ऋषिराजनं यादी झाकली.

"माझीच, साहेब."

शाल खांद्यावर पडली तेव्हा तो आवाज थांबला.

सगळे गेल्यावर त्यानं झोपेचा हुकूम काढला आणि सर्व्हर बंद करून परत चालू केला. आठही जागे.

नववा तिथंच होता. त्याच्यापुढचा शब्द मात्र बदलला होता.

'हं, पुढचा बोला.'

हॉलमध्ये ऋषिराजशिवाय कुणी नव्हतं.

तो बोलला नाही. प्लग उपटला, आणि आठवड्यात नोकरी सोडली. शाल अजून पिशवीतच आहे. कुठलंही पान उघडायला वेळ लागला की तो पडद्यापुढून उठून बाहेर जातो.

त्याला त्या दिवसाबद्दल अजून बोलवत नाही. म्हणून हे मी सांगितलं.

पण 'बोला' असं तात्यांनी त्याला सांगितलं होतं, मला नव्हतं... हे आता लिहून झाल्यावर सुचतंय.