धुऱ्याला दोघं लागतात

गोंदियाहून देवरीला जाणाऱ्या बसमध्ये मी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते… दुपट्ट्यात गुंडाळून, आजारी लेकराला दवाखान्यात नेतात तसा. बसने वळणावर हिसका दिला आणि मुठीतला पेन ड्राइव्ह सुटून पुढच्या सीटखाली गेला. वाकायचं तर लॅपटॉप खाली ठेवावा लागणार, आणि तेवढी हिंमत माझ्यात नव्हती. शेजारी दांड्याला धरून उभा असलेला एक मुलगा वाकला आणि त्याने तो उचलला.

पेन ड्राइव्हवर मी चिकटपट्टी लावून ठळक अक्षरांत 'लिनक्स' लिहिलं होतं. ते वाचून तो हसला.

"टाकून राहिल्या काय?"

"काऊन? पोरींनी टाकू नये काय?"

"मी असं कुठं म्हणलं जी? फक्त विचारलं… विंडोज ठेवता का पुसता?"

"पुसायचं नाही! काहीच पुसायचं नाही."

मी हे एवढ्या जोरात बोलले की कंडक्टरने मागे वळून पाहिलं. त्या मुलाचं हसू मावळलं. तो काही वेळ माझ्याकडे आणि मग दुपट्ट्यातल्या गाठोड्याकडे पाहत राहिला, पण त्याने 'काऊन' विचारलं नाही. लोक आमच्या घरी येऊन दोन वर्षं हेच विचारत होते. हा पहिला माणूस, ज्याने विचारलं नाही, म्हणून मीच सांगितलं.

लॅपटॉप शुभमचा होता, माझ्या मोठ्या भावाचा. हायवेवर त्याची मोटरसायकल घसरली आणि तो गेला. तेव्हापासून आमच्या घरी एक रीत पडली होती. संध्याकाळी दिवाबत्ती झाली की बाबा हाक मारायचे, "गुंजन, उघड वं." मी लॅपटॉप उघडायचे. पडद्यावर शुभम यायचा, गावच्या तलावाच्या पाळीवर उभा, हसत. तो फोटो बाबांनीच काढला होता, म्हणून त्यात आभाळ भरपूर आणि शुभमचे पाय कापलेले. बाबा थोडा वेळ पाहायचे, "बंद कर" म्हणायचे आणि गुरांकडे निघून जायचे.

तोच फोटो मी मोठा करून भिंतीवर लावला होता. बाबा तिकडे ढुंकूनही पाहत नसत. "तो फोटो हाये," ते म्हणायचे, "हे त्याचं घर हाये."

आणि मला नागपूरला सर्व्हर सांभाळायच्या प्रशिक्षणाची परीक्षा द्यायची होती. ती सगळी लिनक्सवर, विंडोजवर होत नाही. घरात दुसरं मशीन नव्हतं.

मुलाचं नाव इंद्रकुमार. देवरीत बसस्टँडच्या मागे तो कॉम्प्युटरचा क्लास घ्यायचा. बस थांबली तेव्हा तो म्हणाला, "एकटीनं नका करू. घेऊन या. मी काही शिकवणार नाही, नुसता बाजूले बसतो."

शिकवणार नाही म्हणणारा हा मास्तर दुसऱ्याच दिवशी खडू घेऊन फळ्याशी उभा होता. त्याने एक चौकोन काढला आणि मधोमध रेघ मारली. "ही तुमची डिस्क. इकडं विंडोज, तिकडं लिनक्स. मधात पार्टिशन."

"धुरा म्हणा ना सरळ," मी म्हणाले.

"धुरा?"

"शेती नाही काय तुमच्याकडं? धानाच्या मोठ्या बांधीत, म्हणजे शेतात, दोघा भावांची वाटणी झाली की मधात मातीचा बांध टाकतात, तो धुरा. आमच्या गावात धुऱ्याले माती ज्याले धुरा पाहिजे त्याच्याच बाजूची काढतात. दुसऱ्याच्या मातीले हात लावायचा नाही."

मी चेष्टेत बोलले होते. त्याने खडू खाली ठेवला.

"मग माती तुमच्या बाजूची काढू," तो म्हणाला. "भाऊंच्या फाईली आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवू, सांभाळून. पण जागा करायले त्यातली एकही हलवायची नाही. तुमचं काय काय आहे यात?"

माझं बरंच होतं. कॉलेजचे व्हिडिओ, गाणी, माझी मैत्रीण रुची, तिच्या लग्नाचं अख्खं शूटिंग. एकेक पुसत गेले. रुचीच्या लग्नापाशी हात अडखळला. "यात मी फार चांगली दिसते हो," मी कुरकुरले.

"अशाही दिसता," तो पडद्याकडे पाहतच म्हणाला, आणि मग दोघंही जरा जास्तच मन लावून पडद्याकडे पाहायला लागलो.

शेवटी तो प्रश्न आला. विंडोजच्या शेजारी लिनक्स बसवायचं का? खाली बटण. माझा हात माउसवर गोठला. एक चूक, आणि शुभमचं घर सपाट. मला वाटलं तो दाबेल. पुरुष दाबतात, 'हटा, मी करतो' म्हणून. इंद्रकुमारने हात टेबलावरून काढून मांडीवर ठेवले.

"तुमीच दाबा. मी थांबून राहतो."

आणि खरंच थांबला. घाई नाही, उसासा नाही. बाहेर हॉर्न वाजवत एक बस निघून गेली. मी त्याच क्षणी त्याच्यावर भाळले, यात लपवण्यासारखं काही नाही. मग मी बटण दाबलं.

सगळं सुरळीत झालं. दोन्ही बाजू उघडून पाहिल्या, शुभम आपल्या पाळीवर हसत होता. मी उड्या मारत घरी गेले आणि लॅपटॉप ओट्यावर ठेवून आईला चुलीपाशी हातभार लावायला लागले.

बाबांना त्या दिवशी धीर धरवला नाही. त्यांनी स्वतःच बटण दाबलं. काळ्या पडद्यावर एक यादी आली, इंग्रजीत. कोणीच काही निवडलं नाही तर ती यादी थोड्या वेळाने आपल्या मनाने पुढे जाते, आणि पुढे जाते ती लिनक्समध्ये. मला हे ठाऊक होतं. बाबांना कोणी सांगितलं होतं?

"गुंजन!"

मी धावले. पडद्यावर निळसर, कोरी, अनोळखी जागा होती आणि तिच्यावर माझं नाव. बाबांचा चेहरा मी तसा एकदाच पाहिला होता, हायवेवरून फोन आला त्या दिवशी.

"शुभम कुठं हाये?"

"आहे बाबा, आतच आहे. मी फक्त मधात धुरा टाकला—"

"कोणाले विचारून?"

मी हाताला लागलेलं पीठ दुपट्ट्याला पुसत राहिले.

"धुरा टाकायचा असो का मोडायचा असो, दोघांनीबी बांधीत उभं राहावं लागते. शेतकऱ्याची पोर नं तू? त्याच्याकडून कोण उभं होतं?"

मी मशीन पुन्हा चालू केलं, शुभमला आणलं. बाबांनी पाहिलं नाही. न जेवता उठून गेले. त्यानंतर दिवाबत्ती व्हायची, पण 'उघड वं' ही हाक येईना. भाऊ पुन्हा गेल्यासारखं घर गप्प झालं, आणि या वेळी त्याला मी घालवलं होतं.

मी इंद्रकुमारला फोन केला, बाबांचे शब्द जसेच्या तसे सांगितले आणि रडले.

"चूक माही आहे," तो म्हणाला. "तो यादीचा मेनू मी तसाच सोडला."

"मेनूची नाही हो… न विचारल्याची आहे."

"मग विचारू ना. येतो मी."

रविवारी दुपारी तो आला. बाबा ओट्यावर सुतळी वळत होते. त्यांनी मान वर केली नाही. इंद्रकुमार समोर जमिनीवर बसला, लॅपटॉप मध्ये ठेवला आणि म्हणाला, "बाबाजी, धुरा पुन्हा टाकायचा आहे. गुंजन तिच्याकडून बसते. शुभमभाऊकडून तुमी बसा."

सुतळी थांबली. आई दारातच उभी राहिली.

बाबा ओट्यावरून उतरले आणि लॅपटॉपच्या डाव्या बाजूला मांडी घालून बसले. मी उजवीकडे बसले.

"बाबा," मी म्हणाले, "माती माझ्या बाजूची काढली. माझं होतं नव्हतं ते पुसलं. त्याचं काहीच हललं नाही."

इंद्रकुमारने यादीतली लांबलचक नावं काढून टाकली. दोनच ओळी ठेवल्या. वर इंग्रजी अक्षरांत शुभम, खाली गुंजन. "वरची ओळ भाऊची, बाबाजी. खालची हिची."

"हे थांबते कवापर्यंत?" बाबांनी विचारलं.

"तुमी बोट लावत नाही तवापर्यंत. आता हे आपल्या मनानं कुठंच जात नाही."

बाबांनी धोतराला बोट पुसलं आणि बटण दाबलं. शुभम आला. पाळीवर, हसत, पायांवाचून. बाबांचे ओठ हलले. "पाय कापले माह्या हातानं," ते म्हणाले, आणि रडता रडता हसले. त्या घरात दोन वर्षांत कोणी हसलं नव्हतं.

मग डोळे पुसून माझ्याकडे वळले. "आता तुही जागा दाखव."

मला दाखवताच येईना. अक्षरं सगळी धूसर दिसत होती.

परतीच्या बससाठी मी त्याला रस्त्यापर्यंत सोडायला निघाले. धान कापून झालं होतं, बांध्यांमध्ये लाखोळीचं पीक हिरवं झालं होतं. अरुंद धुऱ्यावरून तो पुढे, मी मागे.

"एक विचारू जी?" मी म्हणाले. "त्या मेनूत… तिसरी ओळ बसते काय?"

त्याची चाल मंदावली. मागे न पाहता तो म्हणाला, "कोणाच्या नावाची?"

"मी कायले सांगू?"

"तू… नागपूरले जाशील ना."

तू. पहिल्यांदा.

"पास झाले तर जाईन," मी म्हणाले.

"मी थांबून राहीन. लावत बस किती वेळ लावते ते." मग आवाज खाली गेला. "मले तू आवडते, गुंजन. बसमध्ये ओरडली तवापासून."

"आणि आपल्या मधात हा जो…" माझं गाव, त्याचं गाव, माझी परीक्षा, बाबांचा होकार, केवढं काय काय मध्ये होतं. "हा जो धुरा आहे, त्याचं काय?"

"मोडू. बाबाजी सांगतात ना कसा ते."

तो धुऱ्यावरून खाली उतरला, बांधीत, लाखोळीत उभा राहिला आणि माझ्याकडे पाहत थांबला. लांब हायवेवर त्याची बस दिसायला लागली होती. त्याने तिकडे पाहिलं नाही.

मी चपला धुऱ्यावर काढून ठेवल्या आणि त्याच्याजवळ जाऊन उभी राहिले.