एक तास पुढे

वर्ना इंगर्सोलने स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरला. त्याच्या कडा सारख्या वर येत होत्या, म्हणून एका बाजूला काकवीची बरणी ठेवली आणि दुसऱ्या बाजूला नवऱ्याचा चष्मा. चष्मा गेल्यावर लोरिंगला नकाशातलं काही दिसेना, पण दिसायची गरजही नव्हती. बेटाच्या फेरीबोटीवर त्याने एकतीस वर्षं काढली होती. तिथला प्रत्येक खडक त्याला नावानिशी पाठ होता.

"पहिला मुक्काम साउथ पॉइंट, दुसरा व्हिसल कोव्ह," वर्ना म्हणाली. "तिसऱ्या दिवशी दांडा ओलांडून टकर बेटावर. दुपारचं खाणं तिथं, आणि परत."

"दोन रात्री तंबूत? तुझ्या पाठीला झेपेल का?"

"माझी पाठ मी बघेन. तुझ्याकडे उसनी मागितलेय का?"

लोरिंग हसला नाही. हा बेत तिचा नव्हता, ज्युएलचा होता. मागच्या जुलैत त्यांची सव्वीस वर्षांची एकुलती एक लेक याच रस्त्याने, याच दोन मुक्कामांवर तंबू ठोकत एकटीच गेली होती. तिसऱ्या दिवशी टकर बेटावरून परत येताना भरतीने तिला दांड्यावर गाठलं. पुढच्या ओहोटीला गाडी सापडली. ज्युएल सापडली नाही.

दांडा म्हणजे मोठं बेट आणि टकर बेट यांच्या मधली अर्ध्या मैलाची खडीची पट्टी. ओहोटीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास तिच्यावरून गाडी जाते. एरवी तिच्यावर तीन पुरुष पाणी असतं.

"जिथं जिथं ती थांबली, तिथं तिथं मला थांबायचंय," वर्ना म्हणाली. "आणि तिला करून दिला होतास ना, तसाच वेळांचा कागद मला करून दे."

लोरिंगने मान डोलावली.

गेलं वर्षभर त्याने एक गोष्ट कुणालाही सांगितली नव्हती. भरती-ओहोटीच्या सरकारी पुस्तिकेत बारा महिने हिवाळ्याचीच वेळ छापतात. उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे जातात, म्हणून त्या किनाऱ्यावर पोरंटोरंसुद्धा पुस्तिकेतल्या आकड्यात एक मिळवतात. हात आपोआप मिळवतो, डोकं लागत नाही. पण ज्युएलचा कागद करताना पुस्तिका हाताशी नव्हती. त्याने भिंतीवरच्या, दुकानातून फुकट आलेल्या कॅलेंडरवरून आकडे उतरवले आणि सवयीने एक तास मिळवला. आठवड्याने, घरात माणसं सांत्वनाला येत असताना, कॅलेंडरच्या तळाशी बारीक अक्षरातली ओळ त्याला दिसली. उन्हाळ्याचा तास त्यात आधीच धरलेला होता. त्याने ते कॅलेंडर चुलीत घातलं. म्हणजे ज्युएलला त्याने एक जास्तीचा तास दिला होता. समुद्राच्या हिशेबात नसलेला तास.

या वेळी तो सरकारी पुस्तिका घेऊन बसला. एकोणीस जुलै, ओहोटी अकरा दहा. एक मिळवून बारा दहा. म्हणजे दोन दहाच्या आत दांडा सोडायचा. तीनदा तपासून त्याने कागद फ्रिजवर चुंबकाने लावला.

सकाळी कागदावर एक दहा होतं. दांडा सोडायची वेळ, तीन दहा.

अक्षर त्याचंच होतं. खाडाखोड नव्हती. आपलं डोकं अजून तिथंच अडकलंय, असं म्हणत त्याने दुसरा कागद केला, या वेळी शाईने. वर्ना समोर बसून खारवलेला हेरिंग मासा साफ करत होती. तिच्या देखत त्याने बारा दहा लिहिलं आणि शाई फुंकून वाळवली.

"वाच बरं मोठ्याने."

वर्नाने ओले हात पुसून कागद धरला. "ओहोटी एक दहा. तीन दहाच्या आत परत." मग त्याच्याकडे पाहिलं. "का रे? चुकलंय का काही?"

ते सांगायची हीच वेळ होती. एका वाक्याचं काम.

"नाही," लोरिंग म्हणाला.

सतरा तारखेला ते निघाले आणि फेरीबोटीने बेटावर उतरले. साउथ पॉइंटच्या कॅम्पग्राउंडवर दारातल्या खोक्यातून पाकीट घ्यायचं, नाव आणि माणसं लिहायची आणि त्याची चिठ्ठी आपल्या जागेच्या खुंटावर अडकवायची, अशी जुनी पद्धत. देखरेखीला डेल्फीन नावाची म्हातारी होती. वाळवलेलं लाल शेवाळ चघळत ती खिडकीत बसली होती.

"इंगर्सोल? या या. सात नंबर. पोरीने सांगितलंच होतं, तुम्ही येताय म्हणून."

"कुठल्या पोरीने?" वर्नाने विचारलं.

"आत्ता गेली की. पिवळं जॅकेट. म्हणाली, आई-डॅड मागून येतायत, तासभर मागे आहेत."

वर्नाने लोरिंगचा दंड धरला. ज्युएलचं जॅकेट पिवळं होतं.

"दुसरी कुणी असेल," लोरिंग म्हणाला. "जुलैत निम्म्या बेटावर पिवळी जॅकेटं असतात."

"आणि निम्म्या बेटाचं आडनाव इंगर्सोल असतं, होय ना?" वर्ना म्हणाली. खरं तर तिथं इंगर्सोल पुष्कळ होते. लोरिंगने तेवढ्यावर समाधान मानलं.

सात नंबरवर शेकोटीच्या दगडांतली राख गरम होती. गवतावर तंबूच्या मापाचा कोरडा चौकोन होता आणि भोवती सगळीकडे दव. वर्नाने आपला तंबू बरोबर त्या चौकोनावर ठोकायला लावला. त्या दिवशी ती बऱ्याच महिन्यांनी पोटभर जेवली. ते पाहून लोरिंगला बरं वाटलं आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी व्हिसल कोव्हला सरपण विकणारा माणूस म्हणाला, "तुमच्या वाटणीची मोळी पोरगी बाजूला काढून गेलीय. तासभर झाला असेल." मोळी चिंध्यांच्या दोरीने बांधलेली होती. गाठ दुहेरी, डावीकडून फिरवलेली. फेरीबोटीच्या धक्क्यावर बसून सहा वर्षांच्या ज्युएलला लोरिंगनेच ती गाठ शिकवली होती. त्याने चाकूने दोरी कापली आणि शेकोटीत टाकली. वर्नाला दाखवली नाही.

"उद्या लवकर निघू," वर्ना म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "एकच तर तास आहे, लोरिंग. एक तास भरून काढता येणार नाही का आपल्याला?"

एकोणीस तारखेला लोरिंगने मुद्दाम वेळ काढला. तंबूच्या खुंट्या एकेक करून धुतल्या. गाडीचं चाक बसलंय असं म्हणून तासभर पंप मारला. वर्ना त्याच्यावर ओरडली, मग रडली, मग थर्मासमध्ये चहा भरून घेऊन मुकाट्याने गाडीत जाऊन बसली. त्याचा हिशेब सरळ होता. अडीच वाजता दांड्यापाशी पोचायचं. तेव्हा दांडा पाण्याखाली गेलेला असेल, ते तिचं तिला दिसेल आणि आपल्याला काही सांगावं लागणार नाही. भित्र्या माणसाचे हिशेब नेहमी असेच नीट असतात.

दांड्यापाशी पोचले तेव्हा धुकं होतं. त्याच्या मनगटावर दोन वाजून अठ्ठावीस मिनिटं झाली होती.

दांडा कोरडा होता.

ओलसर नव्हे, कोरडा. खडी पांढरी पडलेली. दोन्ही बाजूंना पाणी होतं, पण लाट नव्हती. पाणी नुसतं उभं होतं. खडीत चाकांच्या दोन ताज्या रेघा थेट धुक्यात गेल्या होत्या आणि धुक्यापलीकडून लाकडाच्या धुराचा वास येत होता.

वर्ना थर्मास काखोटीला मारून खाली उतरली.

"थांब," लोरिंग म्हणाला.

"तीन दहापर्यंत वेळ आहे. तुझ्याच कागदावर आहे."

"तो कागद चुकीचा आहे." त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना. "दोन दहाला दांडा बुडायला हवा होता. त्यात तो तास दोनदा मिळवलाय. मागच्या वर्षीही. तिच्या कागदावर. वर्ना, मी मारलं तिला."

वर्नाने थर्मास दुसऱ्या काखेत घेतला.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "तिने मला टकर बेटावरूनच फोन केला होता. अडीच वाजता. म्हणाली, घाई नाही गं, डॅडच्या कागदावर अजून वेळ आहे. मी ऑगस्टमध्ये पुस्तिका काढून बघितली."

"मग बोलली का नाहीस?"

"तू कधी बोलतोस ते बघत होते. वर्षभर." तिने जॅकेटची चेन वर ओढली. "आता तास मिळालाच आहे, तर मी जाऊन येते. तू येतोस?"

समोर टकर बेटावर धुकं जरा फाटलं. किनाऱ्यावर पिवळं काहीतरी हललं. हात वर करावा तसं.

लोरिंगने एक पाऊल खडीवर टाकलं. पायाखाली खडी वाजली नाही. त्याने पाऊल मागे घेतलं.

त्याला भीती वाटली. एवढंच.

वर्ना चालत गेली. पाठ दुखणारी बाई नव्हेच, अशी झपाझप. धुक्यात शिरताना तिने कुणाला तरी हाक मारली.

कुणीतरी ओ दिली.

त्याने घड्याळ पाहिलं. दोन अठ्ठावीस.

पुन्हा मान वर केली तेव्हा दांडा नव्हता. पाणी आलं, चढलं, असं काहीच झालं नाही. नुसतं पाणी होतं, मघापासून असावं तसं, एका पुरुषाहून खोल, आणि त्यात लाटा होत्या.

दोन दिवस तटरक्षकांच्या बोटी शोधत राहिल्या. तुमची बायको पाण्यात कशी गेली, असं त्यांनी विचारलं. चालत, असं तो म्हणाला. त्यांनी ते लिहून घेतलं आणि पुढे काही विचारलं नाही. टकर बेटावर तंबू नव्हता, राख नव्हती.

एकवीस तारखेला तो परतीच्या धक्क्यावर आला. अकराची बोट. त्याआधीची आठची. मधे बोट नसते. ते वेळापत्रक त्याने एकतीस वर्षं पाळलं होतं.

गाड्या रांगेत लावणारी बाई नवीन होती, नारिंगी जॅकेटातली, पन्नाशीची. तिने खिडकीतून वाकून पाहिलं.

"इंगर्सोल ना? निळी गाडी? तुमच्यासाठी जागा राखलीय, पुढे घ्या."

"कुणी सांगितलं?"

"तुमच्या घरच्या दोघी. दहाच्या बोटीने गेल्या ना. आई आणि मुलगी असाव्यात, हसणं अगदी सारखं." तिने बगलेतला थर्मास खिडकीतून आत दिला. "हा तुमच्यासाठी ठेवून गेल्या. म्हणाल्या, तो मागून येतोय. तासभर लागेल त्याला."

मागच्या गाडीने भोंगा वाजवला. लोरिंगने थर्मासचं झाकण फिरवलं.

चहा वाफाळत होता. दोघींनी आपापला पेला पिऊन घेतला होता, आणि तळाशी एक उरला होता.