धारेवरचा पहारा

"कोण आहे तिकडे?"

एवढंच विचारायचं होतं. माझी मैत्रीण सालोमे म्हणाली, "इरिया, शाळेच्या नाटकात एवढी गरजतेस ना? मग धुक्यात उभी राहून एकदा विचारून दाखव की!" आणि ब्रुना लगेच, "ही? ही तोंड उघडायच्या आधीच घरी पळेल."

आमच्या गावात हा प्रश्न कोणी विचारत नाही. दार वाजलं की "आत या" म्हणायचं, मग बाहेर कोणी का असेना. माझे बाबा मूळचे कोइंब्रा शहरातले, त्यांना याचं अजून हसू येतं. "चोरालाही आत बोलवा, वर सूप वाढा," म्हणतात. शेजारच्या आदोझिंदा मावशींना कारण विचारलं, तर त्यांचं उत्तर ठरलेलं: "या धारेवर ते विचारायचं काम एकाचंच आहे. त्याचं त्याला करू दे."

ही पोर्तुगालमधल्या बुसाको डोंगराची धार. अठराशे दहा साली नेपोलियनची फौज सकाळच्या धुक्यातून हाच उतार चढून आली. आमची माणसं माथ्यामागे झुडपांत पालथी पडून वाट बघत होती. खालच्या गावांनी आधीच घरं रिकामी केली होती, चक्क्या मोडल्या होत्या. शत्रूला मूठभर पीठसुद्धा मिळू नये म्हणून. ते काही वर पोहोचले नाहीत. आमच्याकडे पोरांना हे चालायला यायच्या आधी कळतं.

दर सप्टेंबरात हौशी मंडळी जुने गणवेश चढवून ती लढाई पुन्हा लढतात. काडतुसाचा कागद दातांनी फाडावा लागतो, त्यामुळे संध्याकाळी सगळ्यांचे ओठ बंदुकीच्या दारूने काळे झालेले असतात. त्याच काळ्या तोंडांनी ते वाइनमध्ये शिजवलेलं बकऱ्याचं मटण हाणतात. मला तो दिवस नाताळापेक्षा आवडतो.

पण यंदा सगळंच बिनसलं होतं. बाबांना लिऑनला काम मिळालं होतं. घराला गिऱ्हाईक आलं होतं. रविवारी निघायचं होतं.

"फ्रान्सला!" मी जेवताना म्हणाले. "ज्यांना वर येऊ दिलं नाही, त्यांच्याकडे आपणच उतरून जायचं?"

"दोनशे वर्षं झाली, बाई," बाबा म्हणाले. "आता ते पगार देतात. पाव दे इकडे."

आई याच गावची. ती बशा कागदात गुंडाळत राहिली.

गेल्या वर्षापर्यंत वर्गात माझा आवाज पहिल्या बाकापर्यंतही जात नसे. यंदाच्या नाटकात तो शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला. फक्त घरी जेवणाच्या टेबलापलीकडे, आई-बाबांपर्यंत, काही जाईना.

म्हणून शनिवारी सकाळी मी पैज घेतली.

लढाईचा खेळ दुपारी होता, माथ्यावर अजून चिटपाखरू नव्हतं. जुन्या पवनचक्कीच्या भिंतीशी सालोमे आणि ब्रुना थांबल्या, मी पुढे कडेपर्यंत गेले. दरीतून धुकं वर सरकत होतं. निलगिरीचा ओला वास येत होता. बघता बघता माझे बूट दिसेनासे झाले.

"घाबरलीस ना?" मागून ब्रुना ओरडली.

मी छातीत हवा भरली.

"कोण आहे तिकडे?"

काय सुंदर आवाज लागला! दरीच्या पार गेला आणि परत आला नाही. इथे नेहमी प्रतिध्वनी येतो.

मग खाली एक दगड घरंगळला. दुसरा. ओल्या मातीत बूट रुतून निघावेत तसा आवाज, एकाचा नाही, पुष्कळांचा. आणि त्याखाली खोलवर ढोल.

खेळवाली मंडळी लवकर आली असतील, मी मनात म्हणाले. पण ती गाडीरस्त्याने येतात. या उतारावरून शेळीसुद्धा येत नाही.

"अखेर विचारलंस."

हा आवाज मागून आला. पायाजवळून, झुडपांतून. दमलेला पुरुषाचा आवाज, बोली आमच्याच डोंगरातली.

"पोरी, चक्की फिरायला लागली का पुन्हा?"

"नाही," मी म्हणाले. "ती आता नुसती बघायला ठेवलीय."

तो थोडं हसला बहुतेक. "उभी राहशील? मग मी घरी जातो."

पळायला हवं होतं. पण दोन महिने मला हेच कोणी विचारलं नव्हतं. राहशील का? सगळे फक्त काय काय न्यायचं तेवढं विचारत होते.

खालचा ढोल जवळ आला.

"हो," मी म्हणाले. "मी आहे. तुम्ही जा."

एक लांब उसासा. पट्ट्याची कडी वाजली.

मी वळले. झुडपं एका माणसाच्या लांबीइतकी दबलेली होती. मी हात ठेवला.

ऊब होती.

मला एवढंच आठवतं. धुकं विरलं तेव्हा सालोमे रडत होती.

"बस ना आता, इरिया! जिंकलीस तू पैज!"

"एकदाच तर विचारलं."

"एकदा?" ब्रुनाचा चेहरा पांढरा पडला होता. "धुकं होतं तोवर तू थांबलीच नाहीस. 'मागे फिरा, वर येऊ देणार नाही,' असलं काहीतरी ओरडत होतीस. आम्ही दोघींनी मिळून तुला ओढलं. हललीही नाहीस."

घरी आले तर खोक्यांच्या मधोमध आई-बाबा कॉफी पीत होते.

"कुठे होतीस? तोंडाला काय लागलंय?" आईने अंगठ्याने माझ्या ओठाचा कोपरा पुसला. अंगठा काळा झाला. तिने तो नाकाशी नेला, आणि कप खाली ठेवला.

"खेळ सुरू झाला का?" बाबांनी विचारलं.

"दुपारी आहे," आई हळूच म्हणाली. ती माझ्याकडे बघत होती. "इरिया, तू विचारलंस?"

दातांत काहीतरी कचकचलं. खारट होतं. उजवा खांदा ठणकत होता. पण आवाज, आवाज असा लागला की कपाटातल्या उरलेल्या बशा थरथरल्या.

"मी लिऑनला येत नाहीये," मी म्हणाले. "माझ्या जागी दुसरं कोणी उभं राहीपर्यंत नाही."